रफाईमची उंची

देऊळटोला, ता. आरमोरी
१९ जानेवारी १९९८

आयशा,

पाकीट अर्धं फाडून झालं होतं तेव्हा सासूबाईंनी चुलीपासून विचारलं, "कोनाचं पत्र आलं वं?" मी म्हटलं, लाईटचं बिल. त्या म्हणाल्या, "बिल असं जाड असते?" मी पाकीट पोलक्यात घातलं आणि तांदूळ निवडायला बसले.

पत्र माझं नव्हतं. वर लिहिलं होतं, सौ. वनिता प्रवीण दोनाडकर. वनिता वारली हे पोस्टमन देवरावला ठाऊक आहे. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "दोनाडकर गुरुजीची बायको आता तुमीच ना?" आणि सायकलवर बसून गेला.

तुला माहीत आहे, ती यांची पहिली. डोक्यात गेलेल्या मलेरियानं गेली, माझ्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात. तेव्हापासूनचं सगळं तसंच आहे. पितळी भांड्यांवर तिचं नाव आहे, मी पाणी पिते त्या गडव्यावरसुद्धा. स्वयंपाकघरातली फळी एवढी उंच की मला पाटावर चढावं लागतं. तिला लागत नसेल. फोटो एकच, मानेपर्यंतचा. गावात कुणाशीही बोललं तर वाक्य तिथंच जातं, वनिता असती तर. प्रवीण तिच्याबद्दल काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी आरमोरीच्या सोनाराला तिचा टाक सांगितला आहे. चांदीचा, तिच्या आकृतीचा. अक्षय तृतीयेला माझ्या गळ्यात बांधायचा. सवतीचा टाक घातला की ती त्रास देत नाही म्हणे. मी नाही म्हटलं.

"नाई म्हनाची गोष्ट नाई ते," त्या म्हणाल्या. "तिचा जीव घरात घुमून राह्यला. तिले जागा द्या लागते."

घर सगळं तिचंच आहे. आता माझा गळाही.

पत्र चंद्रपूरच्या कुणा एलिझर पुगावकरांचं आहे. बेने इस्राएल आहेत, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. जंगल खात्यात नकाशे काढायचे, निवृत्त होऊन जटपुरा गेटजवळ राहिले. हिब्रू वाचतात. त्यांनी साप्ताहिकात जुन्या शिळांवर लेख लिहिला होता, तो वाचून वनितानं त्यांना पत्रं पाठवली होती. आमच्या गावाबाहेर, धानाच्या बांध्यांपलीकडे, उभ्या दगडांवर आडव्या शिळा ठेवलेल्या आहेत. लोक दानवाचा मांडव म्हणतात. तिनं विचारलं होतं, तुमच्या लेखातले रफाईम कोण, आणि ते नाव त्यांनी स्वतः घेतलं की दुसऱ्यांनी दिलं. हे म्हातारे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे मुंबईला जाऊन राहिले, म्हणून उत्तर आत्ता आलं. थोडक्यात आहे, सविस्तर पुढं लिहीन म्हणतात. शेवटी आहे, 'तुझ्यासारखा प्रश्न मला प्राध्यापकांनीही विचारला नाही. उदंड आयुष्य लाभो.'

मी बी.ए.ला मराठीत कॉलेजात दुसरी आले. मला असं कुणी लिहिलं नाही.

मी उत्तर देणार आहे. तिच्या नावानं.

मयुरी


घुटकाळा, चंद्रपूर
२ फेब्रुवारी

मयुरे,

तुले येड लागलं का? मेलेल्या बाईची सही करतेस. माझ्या सासूला सांगितलं असतं तर तिनं दोन तावीज पाठवले असते, एक तुला आणि एक पोस्टमनला. जाहिदला पत्र वाचून दाखवलं नाही. तो घुग्घुसच्या गॅरेजवरून काळा होऊन येतो, त्यात ही भर कशाला.

कॉलेजात कहकशाँचा पहिला नंबर आला तर तू महिनाभर तिच्या बाकावर बसली नव्हतीस. ती निदान जिवंत होती. तिच्याशी भांडता येत होतं. हिच्याशी कशी भांडशील? ती उलटून बोलणार नाही, चुकणार नाही, म्हातारी होणार नाही.

नको लिहू. लिहिलंच तर सही नीट कर.

आयशा


देऊळटोला
९ फेब्रुवारी

ती. पुगावकर काका यांस सा. न.

मध्यंतरी आजारी होते. आता बरी आहे. माझ्या जुन्या पत्रांची प्रत माझ्याजवळ नाही. त्यांत मी काय लिहिलं होतं ते कळवाल का? आणि रफाईमबद्दल सविस्तर लिहावं.

सौ. वनिता दोनाडकर


जटपुरा गेट, चंद्रपूर
२७ फेब्रुवारी

चि. सौ. वनितास शालोम आणि आशीर्वाद.

आजार गेला हे कळलं. आजाराबद्दल माणसानं एवढंच लिहावं.

तुझी तीन पत्रं माझ्याकडे आहेत. पहिल्यात होतं, मांडवात ताडाएवढी माणसं राहत असं गाव म्हणतं, मग दार वासराएवढं कसं? दुसऱ्यात, दार पूर्वेला नदीकडे आहे. तिसऱ्यात बरीचशी नवऱ्याची तक्रार: 'मी चुलीपाशी बसले की हे मला उठवतात. म्हणतात, भात मी टाकतो, तू वाच.' अशी तक्रार मी प्रथमच वाचली.

आता नाव. रफाईम हे एका जुन्या लोकांचं हिब्रू नाव. यार्देन म्हणजे जॉर्डन नदीच्या पूर्वेला ते राहत, असं तोरा या आमच्या धर्मग्रंथात आहे. उंच, बलाढ्य, संख्येनं पुष्कळ. मग दुसरे आले आणि त्यांना हटवून त्यांच्या जागी राहिले. शेजारचे मवाबी लोक त्यांना एमीम म्हणत, म्हणजे ज्यांची धास्ती वाटते ते. अम्मोनी लोक झमझुमीम म्हणत. याचा अर्थ बहुधा पुटपुटणारे, ज्यांचं बोलणं कळत नाही असे. रफाईमच्या मुळाबद्दल एकमत नाही. कुणी 'गळून गेलेले' असा अर्थ काढतात, कुणी 'बरे करणारे'. पुढं स्तोत्रांत हाच शब्द मेलेल्यांसाठी येतो. खाली अंधारात असतात ते. दोन्हींचा संबंध काय, यावर विद्वान अजून भांडतात. उत्तरेकडच्या एका पुराण्या शहरात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत याच्याशी जुळणारा शब्द मेलेल्या राजांना लावला आहे. त्यांना जेवायला बोलावत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की ही नावं दुसऱ्यांच्या तोंडची आहेत, बहुतेक नंतर आलेल्यांच्या. ते स्वतःला काय म्हणत, ते मला कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

त्यांचा शेवटचा राजा ओग. त्याचा लोखंडी पलंग नऊ हात लांब होता आणि तो अम्मोनी लोकांच्या शहरात ठेवलेला होता. त्यावरून ओग राक्षस ठरला. काही अभ्यासकांना वाटतं, तो पलंग नव्हताच, तुमच्या मांडवासारखी एखादी शिळा असेल. नंतरच्या माणसांनी ओग पाहिला नव्हता. पलंग पाहिला होता.

मला अजून अक्षर नीट दिसत नाही, शेजारची मुलगी पत्रं वाचून दाखवते. तू एकदा मांडवापाशी जा. जवळून पाहा आणि लिही.

उदंड आयुष्य लाभो.

ए. श. पुगावकर


देऊळटोला
८ मार्च

आयशा,

भात ते टाकायचे. ती वाचायची.

माझ्या वेळेला ते चुलीकडे पाठ करून वह्या तपासतात. भात झाला का, एवढं विचारतात. काल मी मुद्दाम भात लावला नाही. वाट पाहिली. ते उठले, गडवाभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "भूक तशी नाईच." त्या गडव्यावरही तिचंच नाव.

मी त्या मांडवाकडे जाणार आहे. ती गेली होती, मीही जाईन.

मयुरी


देऊळटोला
१७ मार्च

ती. काका यांस सा. न.

मोहफुलं वेचायला बाया निघाल्या तेव्हा सासूबाईंबरोबर मांडवाकडे गेले. सासूबाईंनी पहिली ओंजळ शिळेवर ठेवली. मी विचारलं, कुणाला? त्या म्हणाल्या, "जे पह्यले होते त्याईले. आपून मागून आलो." नाव विचारलं तर म्हणाल्या, "नाव कोनाले मालूम. मोठे होते."

दार पूर्वेला नाही. दक्षिणेला, जंगलाकडे आहे. मी पूर्वी लिहिलं होतं ते चूक.

आत सरपटत गेले. वरच्या शिळेची खालची कड हातानं चाचपली. तिथं ओळीनं अर्धी अर्धी भोकं आहेत, सारख्या अंतरावर. अशी भोकं मी लहानपणी पाहिली आहेत. माझे वडील वरोऱ्याकडे दगडखाणीवर मुकादम होते. जुने लोक सुरुंग लावत नसत. दगडात ओळीनं भोकं पाडत, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरा ठोकत आणि वरून पाणी ओतत राहत. लाकूड फुगलं की दगड त्या ओळीवर उकलतो. निम्मं भोक इकडच्या तुकड्याला राहतं, निम्मं तिकडच्या. ही शिळा तशी काढलेली आहे. त्याला दानव लागत नाही. माणसं, लाकूड आणि पाणी लागतं.

सौ. वनिता दोनाडकर


जटपुरा गेट
३० मार्च

चि. सौ. वनितास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचून घेतलं. मुलगी कंटाळली.

मी नोकरीत अशा शिळा कितीतरी वेळा नकाशावर टिंब करून सोडून दिल्या. एकीखालीही शिरलो नाही. तुझी आधीची पत्रं विचारणारीची होती, हे पाहणारीचं आहे. आजारानं माणूस बदलतो म्हणतात, ते खरं असावं.

यावर साप्ताहिकासाठी लेख सांगून लिहून घेतो आहे. त्यात असं राहील: 'ही पाचरांची भोकं देऊळटोल्याच्या सौ. वनिता दोनाडकर यांनी लक्षात आणून दिली.' तुझ्या वडिलांचा उल्लेखही करतो. त्यांचं नाव कळव.

उदंड आयुष्य लाभो.

ए. श. पुगावकर


देऊळटोला
६ एप्रिल

आयशा,

भोकं मी पाहिली. कोपरं माझी सोलली. वडील माझे. आणि छापून येणार वनिता.

आता माझे वडीलही तिला जातील. सगळा गाव साप्ताहिक वाचतो. म्हणतील, पाहा, मेल्यावरही केवढी हुशार.

पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. काल प्रवीणनं डबा उघडला. का उघडला, विचारलं नाही.

"हे कोनाचं?"

"वनिताला आलेलं आहे."

"ते दिसून राह्यलं. उत्तर कोन देऊन राह्यलं?"

मी म्हटलं, मी. ते पत्र घेऊन पाटावर बसले. शेवटापर्यंत वाचलं, पुन्हा वरून वाचलं. मला वाटलं आता फाडतील. ते म्हणाले, "वनिता त्या दगडापाशी कधी गेली नाई. तिले भेव लागे. बांधीवर उभी राहून पोरांले पाठवे. पोरं सांगत ते लिहे."

"आणि दार पूर्वेला?"

"पोरानं फेकली असन."

मला हसू आलं. खूप दिवसांनी. मग मी विचारलं, "फळी तिच्या हातानं लावलेली ना? एवढी उंच?"

ते फळीकडे बघत राहिले. "फळी माझ्या हातानं लावली. सैपाक मी करत होतो. तिचा हात तुझ्याहूनही खाली राहे. काही पाह्यजे असलं का मले हाक मारे."

"मी रोज पाटावर चढते. तुम्ही पाहता."

"तू कधी हाक मारली नाई."

ती बुटकी होती हे ऐकून मला आनंद झाला होता, आयशा. ती हाक मारायची हे ऐकून तो गेला.

आता काय करू ते सांग.

मयुरी


घुटकाळा
११ एप्रिल

मयुरे,

मी काल पुगावकरांकडे जाऊन आले. तुझं नाव घेतलं नाही. देऊळटोल्याच्या बाईंची मैत्रीण म्हटलं, तर त्यांनी स्वतः चहा केला, त्यात साखर दोनदा घातली. टेबलावर तुझं पत्र भिंगाखाली ठेवलेलं. म्हणाले, "वनिता एकदा येईल का? मला तिचा आवाज ऐकायचा आहे. दिसणार तर नाहीच फारसं." मी काय सांगू? म्हटलं, घरात कामं असतात.

लेखाची तारीख एक मे. त्याच्या आत बोल, नाहीतर जन्मभर गप बस आणि वनिता होऊन राहा. माझ्याने पुन्हा तो चहा पिववणार नाही.

हाकेचं म्हणशील तर, तोंड तुला नाही का?

आयशा


देऊळटोला
१५ एप्रिल

श्री. पुगावकर यांस

मी वनिता नाही. वनिता दोन पावसाळ्यांमागे वारली. मी तिच्या नवऱ्याची दुसरी बायको. तुमचं पत्र तिच्या नावानं आलं, ते मी उघडलं आणि सही करून उत्तर दिलं. तुम्ही तिला कसं लिहिता ते मला वाचायचं होतं. मग मलाच तसं लिहावं असं वाटलं.

तिनं दगड जवळून पाहिले नव्हते. दार पूर्वेला हे एका मुलानं तिला सांगितलं. आत मी गेले. भोकं मी ओळखली. तुम्ही ओगच्या पलंगाबद्दल लिहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात एक उंच फळी आहे, तिच्यावरून मी वनिताला इतके दिवस उंच समजत होते. ती फळी तिची नव्हती.

लेखातून तिचं नाव काढा. तिथं माझं घाला.

मयुरी दोनाडकर


जटपुरा गेट
२२ एप्रिल

सौ. मयुरी दोनाडकर यांस

मेलेल्या मुलीला मी तीनदा उदंड आयुष्य चिंतलं. तिच्या आजाराबद्दल चार शब्द शहाणपणाचे लिहिले. रफाईमवर लेख लिहिणाऱ्यानं रफाईमशीच पत्रव्यवहार करावा, हे माझ्या बायकोला फार आवडलं असतं. मला आवडलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावामागून काही शब्द म्हणतात. ते वनिताच्या नावामागून मी आत्ता म्हटले, उशिरा.

रागात पत्र फाडायला सांगितलं होतं. मुलीनं फाडलं नाही. आज पुन्हा वाचून घेतलं.

तिचं नाव काढणार नाही. ती दगडापर्यंत गेली नाही हे कबूल. पण ती विचारत राहिली म्हणून मी 'जाऊन पाहा' असं लिहिलं, आणि ते तुमच्या हाती पडलं. अम्मोनी लोकांनी रफाईमना हटवलं, घरं घेतली, तरी कुणाच्या जागी राहतो हे त्यांना सांगावं लागलंच. टोपणनावानं का होईना, सांगितलं.

लेखात दोन्ही नावं छापेन, नाहीतर एकही नाही. एक तारखेच्या आत कळवा. क्रम तुम्ही ठरवा.

ए. श. पुगावकर


देऊळटोला
२८ एप्रिल

ती. काका यांस सा. न.

पत्र मिळालं. तुमचा राग बरोबर आहे.

आज सोनार टाक देऊन गेला. आमच्यात दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. सासूबाईंनी तो देवापाशी हळदीत ठेवला आहे. मी घालणार की नाही ते त्यांनी आज विचारलं नाही. प्रवीणनंही नाही. कधी नव्हे ते दोघंही माझ्याकडे पाहून राहिले आहेत.

एकही नाव नको, असं लिहायला मी बसले होते. तसं झालं तर तिचं छापून येणार नाही, आणि माझंही नाही. मला ते चाललं असतं. काल चाललं असतं. आज लिहून होत नाही.

देवराव उद्या सकाळी येईल. तोवर पाकीट बंद करत नाही.

२९ एप्रिल, सकाळ

अक्षय तृतीयेची घागर भरून झाल्यावर टाक बांधून घेतला. त्यावरची बाई नखाएवढी आहे. गाठ मारताना सासूबाई रडल्या. मी रडले नाही.

दोन्ही नावं छापा. माझं आधी.

नंतर चहाच्या वेळी फळीवरचा गडवा हवा होता. पाट बाजूला ठेवला आणि प्रवीणना हाक मारली. त्यांनी येऊन गडवा काढून दिला. फळी खाली घेतो म्हणाले. मी नको म्हटलं.

मयुरी